पूर्णांकाचा घात संगणकावर अचूक आणि कमी गुणाकारांत कसा काढावा

जावास्क्रिप्टमध्ये साध्या संख्या वापरून ३ चा ३५ वा घात काढला की ५००३१५४५०९८९९९७०४ हे उत्तर पडद्यावर येते. ३ ही विषम संख्या आहे आणि विषम संख्येला विषम संख्येने कितीही वेळा गुणले तरी गुणाकार विषमच येतो, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. इथे मात्र उत्तराच्या शेवटी ४ आहे. खरे उत्तर ५००३१५४५०९८९९९७०७ आहे. फरक अवघ्या तीनाचा, पण प्रोग्राम कुठे अडखळला नाही की कोणती सूचना आली नाही. हीच संख्या पुढे बाकी काढण्यासाठी वापरली गेली असती, तर चूक नेमकी कुठे शिरली हे शोधण्यात अख्खा दिवस गेला असता.

घात काढण्याची पद्धत चुकल्यामुळे बिघडलेले प्रोग्राम मी फार थोडे पाहिले आहेत. उत्तर कोणत्या प्रकारचे हवे हे न ठरवता लिहायला बसल्यामुळे बिघडलेले मात्र पुष्कळ पाहिले आहेत. म्हणून पद्धतीकडे वळण्याआधी प्रकाराचा प्रश्न घेतो.

पहिली पायरी: उत्तर कोणत्या प्रकारचे हवे ते ठरवा

पाया पूर्णांक आहे, घातांकही पूर्णांक आहे, आणि उत्तर शेवटच्या अंकापर्यंत बरोबर हवे आहे, हा पहिला प्रकार. यात उत्तर ६४ बिटांत मावणारे आहे की त्याहून मोठे आहे, हे आधी पाहावे लागते. दुसऱ्या प्रकारात पूर्ण उत्तर नकोच असते, एखाद्या संख्येने भागल्यावर उरणारी बाकी तेवढी हवी असते. तिसऱ्या प्रकारात पाया दशांश अपूर्णांक असतो आणि घातांक तेवढा पूर्णांक असतो, जसे चक्रवाढ व्याजात असते. या तिन्ही प्रकारांना एकच फंक्शन लावता येत नाही, आणि नेमके तेच सर्रास लावले जाते.

सी, सी++, जावा आणि गो या भाषांच्या गणिती लायब्ररीत ‘पॉव’ नावाचे जे फंक्शन मिळते ते ‘डबल’ प्रकारातले, म्हणजे ६४ बिटांचे तरंगत्या दशांशचिन्हाचे उत्तर देते. त्या ६४ बिटांपैकी संख्येचे सार्थ अंक साठवण्यासाठी ५३ बिट मिळतात. त्यामुळे २ च्या ५३ व्या घातापर्यंतचे, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतचे सगळे पूर्णांक त्यात जसेच्या तसे मावतात. त्यापुढे फक्त २ च्या पटीतले मावतात, मग ४ च्या, मग ८ च्या. ३ चा ३३ वा घात, ५५५९०६०५६६५५५५२३, हा या मर्यादेच्या आत आहे म्हणून बिनचूक साठवला जातो. ३५ वा घात मात्र २ च्या ५५ व्या आणि ५६ व्या घातांच्या मधल्या पट्ट्यात पडतो, जिथे केवळ ८ च्या पटीतल्या संख्यांना जागा आहे. ७०७ वर संपणाऱ्या त्या संख्येला सर्वांत जवळची ८ ची पट ७०४ वर संपते, आणि पडद्यावर आलेली संख्या तीच. जावास्क्रिप्टमधली साधी संख्या ही मुळात डबलच असल्यामुळे तिथे सुटका नाही. पूर्णांकाचे काम असेल तर २०२० च्या प्रमाणकात आलेला, कितीही मोठे पूर्णांक साठवणारा बिगइंट हा प्रकार वापरावा.

डबलच्या वाटेने जाण्याचा धोका फक्त मोठ्या संख्यांना आहे असेही नाही. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या हिशेबाच्या एका प्रोग्रामात रुपयांचे पैसे करण्यासाठी १० चा वर्ग पॉव वापरून काढला होता आणि तो पूर्णांक प्रकारच्या चलात साठवला होता. माझ्या संगणकावर त्या चलात १०० येत असे, आणि ज्या कार्यालयात तो प्रोग्राम रोज चालत होता तिथल्या जुन्या संगणकावर ९९ येत असे. त्या संगणकावरची लायब्ररी लॉगॅरिदमच्या मार्गाने घात काढत होती, तिचे उत्तर शंभराच्या किंचित खाली पडत होते, आणि सी भाषेत डबलचा पूर्णांक करताना दशांशचिन्हापुढचा भाग सरळ कापला जातो. आजच्या चांगल्या लायब्ररी १० चा वर्ग बिनचूक देतात, पण सी भाषेचे प्रमाणक पॉवच्या अचूकतेची हमी देत नाही. पूर्णांकाच्या उत्तरासाठी डबलच्या दारात जाऊच नये, हा नियम मी तेव्हापासून पाळतो.

याच पायरीवर चिन्हांचाही एक खुलासा करतो. वहीत किंवा स्प्रेडशीटमध्ये घातासाठी वर टोक असलेले जे ^ चिन्ह वापरले जाते, ते सी, जावा आणि पायथन या भाषांत बिटांच्या ‘एक्सऑर’ क्रियेचे, म्हणजे दोन बिट वेगळे असतील तरच १ देणाऱ्या क्रियेचे, चिन्ह आहे. तिथे १०^२ चे उत्तर ८ येते आणि २^३ चे १ येते. कंपायलर यावर तक्रार करीत नाही, कारण त्याच्या दृष्टीने ते अगदी वैध वाक्य आहे.

दुसरी पायरी: पद्धत समजून घ्या

घातांक १३ असेल तर पाया बारा वेळा गुणत बसणे ही सरळ पण लांबची वाट आहे. घातांक अब्जाच्या घरात गेला की ती चालण्याजोगी राहत नाही. जवळची वाट फार जुनी आहे, आणि ती आपल्याकडे वृत्तांच्या हिशेबात सापडली, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या पिंगलाच्या छंदःसूत्रातील आठव्या अध्यायात, ठरावीक अक्षरांच्या चरणात लघू आणि गुरू किती प्रकारे मांडता येतील, म्हणजेच २ चा तितकावा घात किती, हे काढण्याची चार छोटी सूत्रे आहेत: ‘द्विरर्धे। रूपे शून्यम्। द्विः शून्ये। तावदर्धे तद्गुणितम्।’ अर्थ असा की संख्या निम्मी करता आली तर २ लिहा. येत नसेल तर एक वजा करून शून्य लिहा. मग उलट्या क्रमाने येताना शून्यापाशी दुप्पट करा आणि २ पाशी त्या संख्येला त्याच संख्येने गुणा.

भुजंगप्रयाताच्या चरणात बारा अक्षरे असतात, म्हणून बाराच घेऊ. १२ चे निम्मे ६, लिहा २. सहाचे निम्मे ३, लिहा २. तीन विषम, एक वजा करून २, लिहा शून्य. दोनाचे निम्मे १, लिहा २. एक विषम, वजा करून शून्य उरले, लिहा शून्य. आता मागे फिरा आणि एकपासून सुरुवात करा. शेवटच्या शून्यापाशी दुप्पट, २. मग वर्ग, ४. मग शून्य, दुप्पट, ८. मग वर्ग, ६४. मग पुन्हा वर्ग, ४०९६. बारा अक्षरांच्या चरणाचे लघू-गुरूंचे ४०९६ प्रकार होतात. ‘दुप्पट करा’ च्या जागी ‘पायाने गुणा’ असे वाचले की हीच कृती कोणत्याही पायाला लागू पडते.

पिंगलाची रीत घातांकाचे द्विमान रूप, म्हणजे फक्त ० आणि १ या अंकांत लिहिलेले रूप, डावीकडून उजवीकडे वाचते. संगणकावर उजवीकडून डावीकडे वाचणारी आवृत्ती अधिक रूढ आहे, कारण घातांक विषम आहे का हे पाहणे आणि तो निम्मा करणे या दोन क्रिया बिटांच्या भाषेत फार स्वस्त आहेत. तिची कृती अशी लिहिता येईल:

उत्तर ← १
घातांक शून्याहून मोठा असेपर्यंत:
  घातांक विषम असल्यास उत्तर ← उत्तर × पाया
  घातांक ← घातांकाचे निम्मे, बाकी सोडून
  पाया ← पाया × पाया

३ चा १३ वा घात काढताना काय घडते ते कागदावर एकदा उतरवून पाहावेच. सुरुवातीला उत्तर १, पाया ३, घातांक १३. तेरा विषम, म्हणून उत्तर ३ झाले. घातांक ६, पाया ९. सहा सम, उत्तर तेच. घातांक ३, पाया ८१. तीन विषम, उत्तर ३ गुणिले ८१, म्हणजे २४३; घातांक १, पाया ६५६१. एक विषम, उत्तर २४३ गुणिले ६५६१, म्हणजे १५९४३२३. घातांक शून्य, काम संपले.

प्रत्येक फेरीच्या शेवटी ‘उत्तर गुणिले पायाचा उरलेला घात’ ही राशी तपासली तर ती दर वेळी ३ चा १३ वा घातच असते. पहिल्या फेरीनंतर ३ गुणिले ९ चा सहावा घात, दुसरीनंतर ३ गुणिले ८१ चा तिसरा घात, तिसरीनंतर २४३ गुणिले ६५६१. कृती बरोबर असल्याची सिद्धता हीच, आणि कोडमध्ये कुठे चूक झाली हे शोधण्याचा सर्वांत जवळचा मार्गही हाच: ज्या फेरीनंतर ही राशी बदललेली दिसेल, त्या फेरीत चूक आहे.

गुणाकारांची संख्याही सहज सांगता येते. घातांकाच्या द्विमान रूपातील एकूण अंकांपेक्षा एक कमी इतके वर्ग, आणि त्या रूपात जितके १ असतील त्याहून एक कमी इतके इतर गुणाकार लागतात. एक अब्ज ही संख्या द्विमान पद्धतीत ३० अंकांची आहे आणि तिच्यात १३ वेळा १ येतो. तेव्हा एक अब्जाव्या घातासाठी २९ वर्ग आणि १२ गुणाकार, मिळून ४१ गुणाकार पुरतात.

तिसरी पायरी: शेवटचा अनावश्यक वर्ग काढून टाका

वर दिलेल्या कृतीत एक खोट आहे. पाठ्यपुस्तकी उदाहरणांत ती लपून राहते, मात्र उत्तर प्रकाराच्या मर्यादेजवळ पोहोचले की वर येते. १० चा १८ वा घात घ्या. चिन्हासह ६४ बिटांच्या पूर्णांकाची कमाल मर्यादा ९२२३३७२०३६८५४७७५८०७ आहे, त्यामुळे हे उत्तर आरामात मावते. १८ म्हणजे १६ अधिक २, म्हणून पाया दहापासून वर्ग होत होत १०० होतो, मग १० चा चौथा घात, आठवा घात आणि सोळावा घात. सोळाव्या घाताशी उत्तराचा गुणाकार झाला, घातांक शून्य झाला, आणि आता लूप संपणारच आहे. पण संपण्याआधी ती शेवटची ओळ पायाचा आणखी एक वर्ग करून ठेवते, १० चा ३२ वा घात, जो ६४ बिटांत कुठल्याही तऱ्हेने मावत नाही आणि ज्याची कुणाला गरजही नाही.

परिणाम भाषेनुसार बदलतात. जावामध्ये तो बाद झालेला पाया कुणी वाचत नसल्याने उत्तर बरोबर येते आणि खोट तशीच राहते. मात्र ओव्हरफ्लो, म्हणजे उत्तर प्रकाराच्या मर्यादेबाहेर जाणे, झाल्यास थांबणारा गुणाकार वापरला असेल, तर बरोबर उत्तर हाती असताना प्रोग्राम अपवाद फेकून थांबतो. सी आणि सी++ मध्ये स्थिती अधिक गंभीर आहे: चिन्हासहित पूर्णांकाचा ओव्हरफ्लो झाल्यावर प्रोग्रामने काय करावे हे प्रमाणक ठरवून देत नाही, आणि कंपायलर कोड सुधारताना असा ओव्हरफ्लो कधीच होत नाही असे गृहीत धरू शकतो. उत्तर आज बरोबर आले म्हणून उद्याच्या कंपायलरवरही येईल, याची खात्री उरत नाही.

उपाय एका ओळीचा आहे. घातांक निम्मा केल्यावर लगेच तो शून्य झाला का ते पाहावे, आणि झाला असेल तर वर्ग न करता बाहेर पडावे:

उत्तर ← १
पुन्हा पुन्हा:
  घातांक विषम असल्यास उत्तर ← उत्तर × पाया
  घातांक ← घातांकाचे निम्मे, बाकी सोडून
  घातांक शून्य झाला असल्यास थांबा
  पाया ← पाया × पाया

या बदलामुळे वेळ वाचतोच, पण माझ्या मते त्याहून मोठा लाभ वेगळा आहे. आता केलेला प्रत्येक वर्ग अंतिम उत्तराचा अवयव असतो, म्हणून वर्ग करताना ओव्हरफ्लो झाला तर अंतिम उत्तरही मर्यादेबाहेरचेच असते. खोटी हाक बंद झाल्यामुळे प्रत्येक इशाऱ्यावर विश्वास ठेवता येतो.

चौथी पायरी: ओव्हरफ्लो पकडा

१० चा १९ वा घात जावाच्या ६४ बिटांच्या ‘लाँग’ प्रकारात काढला तर −८४४६७४४०७३७०९५५१६१६ येते. उणे चिन्ह पाहून निदान शंका तरी येते. दर वेळी इतके नशीब साथ देत नाही. ३२ बिटांच्या पूर्णांकात ३ चा २१ वा घात काढला तर १८७०४१८६११ येते: धन, विषम, आणि दिसायला अगदी पटण्याजोगे. खरे उत्तर १०४६०३५३२०३ आहे. चुकीच्या उत्तराच्या अंकांची बेरीज ३७ होते, म्हणजे त्याला ३ ने भागही जात नाही. पण तीनच्या घाताला तीनने भाग जातो का हे प्रोग्राम चालू असताना कोण तपासून पाहतो? चिन्ह पाहून ओव्हरफ्लो ओळखण्याची सवय म्हणूनच सोडून द्यावी.

भाषेने दिलेली साधने वापरावीत. जावा ८ पासून मॅथ वर्गात ‘मल्टिप्लाय-एक्झॅक्ट’ आहे, जे ओव्हरफ्लो झाल्यास अपवाद फेकते. रस्टमध्ये ‘चेक्ड-पॉव’ थेट पूर्णांकांवर चालते आणि उत्तर मावत नसेल तर उत्तर नसल्याचे स्पष्ट कळवते. सी भाषेच्या २०२३ च्या प्रमाणकात तपासून गुणाकार करण्याची सोय आली आहे आणि प्रचलित कंपायलरांत ती त्याआधीपासून आहे. यांपैकी काहीच हाताशी नसेल तर गुणण्यापूर्वी भागून पाहावे: दोन्ही संख्या धन असताना, उत्तर हे ‘कमाल मर्यादा भागिले पाया’ याहून मोठे असेल तर गुणाकार मावणार नाही. गुणून झाल्यावर तपासणे उशिराचे ठरते.

पायथनमध्ये पूर्णांकाला मर्यादाच नसल्याने ही पायरी तिथे गळते.

पाचवी पायरी: शून्य आणि ऋण यांचे नियम लिहून ठेवा

घातांक शून्य असेल तर उत्तर १, आणि पाया शून्य असला तरीही १, हा पूर्णांकांच्या कामातला रूढ संकेत आहे. वरची कृती आपोआप तेच देते. ऋण पायासाठी वेगळे काही करावे लागत नाही. पायाचे चिन्ह आधी काढून ठेवावे आणि शेवटी लावावे असा सल्ला काही जण देतात, तो मला पटत नाही, आणि कारण ठोस आहे. −२ चा ६३ वा घात −९२२३३७२०३६८५४७७५८०८ आहे आणि तो ६४ बिटांत नेमका मावतो, कारण ऋण बाजूला एक संख्या जास्त आहे. चिन्ह काढून २ चा ६३ वा घात काढायला गेलात तर तो मावत नाही. चिन्हासकट गुणत गेलात तर पाया −२, ४, १६, २५६, ६५५३६ असा वाढत २ च्या ३२ व्या घातापर्यंत जातो आणि उत्तर कुठेही मर्यादा न ओलांडता ठिकाणावर पोहोचते.

ऋण घातांकाचे पूर्णांकी उत्तर फक्त १ आणि −१ या पायांनाच मिळते. इतर पायांसाठी काय करायचे, त्रुटी द्यायची की अपूर्णांक, हे फंक्शनच्या करारातच लिहावे. गुपचूप शून्य परत देणे सर्वांत वाईट. पायथनमध्ये २ चा −१ वा घात मागितला तर ०.५ हे डबलमधले उत्तर येते, म्हणजे पूर्णांकांच्या हिशेबात नकळत दुसरा प्रकार शिरतो. आणि ऋण घातांकाचे चिन्ह बदलून तो धन करणार असाल तर −२१४७४८३६४८ ची आठवण ठेवा: ३२ बिटांत त्याची धन बाजू अस्तित्वातच नाही, म्हणून घातांक आधी मोठ्या प्रकारात घ्यावा आणि मगच चिन्ह बदलावे.

फक्त बाकी हवी असेल तेव्हा

एखाद्या प्रचंड घाताला ठरावीक संख्येने भागून बाकी काढायची असेल तर प्रत्येक गुणाकारानंतर लगेच बाकी घ्यावी. ३ च्या १३ व्या घाताला १७ ने भागल्यावरची बाकी घेऊ. ३ चा वर्ग ९. त्याचा वर्ग ८१, बाकी १३. त्याचा वर्ग १६९, बाकी १६. १३ म्हणजे ८ अधिक ४ अधिक १, म्हणून १६ गुणिले १३ म्हणजे २०८, बाकी ४. ४ गुणिले ३ म्हणजे १२. मघाशी काढलेल्या १५९४३२३ ला १७ ने भागून पाहा, बाकी १२ च येते. कुठल्याही क्षणी तीन अंकांहून मोठी संख्या हाताळावी लागली नाही.

इथे मर्यादा भाजकाच्या वर्गाची असते. स्पर्धात्मक प्रोग्रामिंगमध्ये भाजक म्हणून १००००००००७ फार वापरला जातो, आणि त्याहून लहान दोन संख्यांचा गुणाकार १० च्या १८ व्या घाताच्या आसपास राहत असल्याने ६४ बिटांत मावतो. पण चले ३२ बिटांची असतील तर बाकी घेण्याआधीच गुणाकार फुटलेला असतो. जावास्क्रिप्टच्या साध्या संख्येत तो ५३ बिटांच्या पलीकडे जातो, म्हणून तिथे बिगइंट हवाच. भाजक स्वतःच १० च्या १८ व्या घाताएवढा असेल तर गुणाकारासाठी १२८ बिटांचा प्रकार लागतो.

दोन बारकावे नवख्यांच्या हातून हमखास सुटतात. भाजक १ असेल तर बाकी नेहमी शून्य असते, घातांक शून्य असला तरीही. पण उत्तर १ पासून सुरू करणारी कृती अशा वेळी १ परत करते. म्हणून सुरुवातीचे उत्तरही भाजकाने भागून बाकी घेतलेले असावे. दुसरे असे की सी आणि जावामध्ये ऋण संख्येची बाकी ऋण येते, तेव्हा पाया आधी शून्य ते भाजक या पट्ट्यात आणून घ्यावा. पायथनमध्ये ‘पॉव’ ला तिसरा घटक म्हणून भाजक दिला की हे सगळे आत होते, आणि आवृत्ती ३.८ पासून ऋण घातांक देऊन व्यस्तही, म्हणजे ज्याने पायाला गुणल्यावर बाकी १ येते ती संख्याही, काढता येतो, अर्थात पाया आणि भाजक यांना सामाईक अवयव नसेल तर.

आरएसए कूटलेखनात रोज चालणारे काम हेच आहे. तिथे सार्वजनिक घातांक म्हणून ६५५३७ घेण्याची प्रथा आहे, कारण तो २ चा १६ वा घात अधिक १ आहे. द्विमान रूपात दोनच ठिकाणी १ असल्याने १६ वर्ग आणि एक गुणाकार एवढ्यात काम होते. मात्र गुप्त घातांकासाठी वरची कृती जशीच्या तशी वापरू नये. घातांकाच्या बिटात १ असेल तरच जादा गुणाकार होत असल्याने लागणाऱ्या वेळेवरून गुप्त बिटांचा माग काढता येतो, हे कूटलेखनतज्ज्ञ पॉल कोचर यांनी १९९६ मध्ये दाखवून दिले. अशा कामासाठी प्रत्येक बिटाला सारखेच काम करणाऱ्या, तज्ज्ञांनी तपासलेल्या लायब्ररीकडेच जावे, असे मी आग्रहाने सांगेन.

पाया दशांश असेल तेव्हा

इथे माझा सल्ला नेमका उलटतो, आणि तो पुष्कळांना अनपेक्षित वाटतो. पाया डबल असेल आणि घातांक मोठा असेल तर लायब्ररीचे पॉव हे आपल्या लूपपेक्षा सहसा अधिक अचूक असते. प्रत्येक गुणाकारात २ च्या −५३ व्या घाताएवढी सापेक्ष चूक होऊ शकते, आणि पुढचे वर्ग मागची चूक दुप्पट करीत नेतात. वाईटात वाईट परिस्थितीत एकूण चूक घातांकाच्या पटीत वाढते. चांगली लायब्ररी आतमध्ये जादा अचूकता वापरून शेवटी एकदाच पूर्णांकन करते. घातांक दोन, तीन किंवा चार असेल तर मात्र सरळ गुणावे; ते जलदही होते आणि चूकही नगण्य राहते.

दरमहा १ टक्का दराने ३६० महिन्यांचे चक्रवाढ व्याज काढताना १.०१ चा ३६० वा घात, सुमारे ३५.९५, लागतो. १.०१ ही संख्या द्विमान पद्धतीत नेमकी मांडताच येत नाही, आणि ती किंचितशी चूक ३६० पट होते. तरीही एक लाख रुपयांच्या मुद्दलावर तिचा परिणाम पैशाच्या फार लहान अंशाएवढा राहतो. दर महिन्याला रक्कम पैशापर्यंत पूर्ण करण्याचा नियम असेल तर त्याचा फरक याच्या कित्येक पट मोठा पडतो, आणि घाताचे सूत्र वापरून तो नियम पाळताच येत नाही. अशा वेळी महिन्यागणिक लूप चालवून दशांश प्रकारात हिशेब करणे हेच योग्य.

ऋण घातांकासाठी आधी धन घात काढून मग एकाला त्याने भागावे. आधी १ भागिले पाया करून त्याचा घात काढला तर पहिल्याच भागाकारातली चूक प्रत्येक वर्गासोबत वाढत जाते. याला एक अपवाद आहे: २ चा −१०७४ वा घात डबलमध्ये मावतो, पण २ चा १०७४ वा घात मावत नाही, कारण डबलची कमाल मर्यादा २ च्या १०२४ व्या घाताच्या किंचित खाली आहे. तिथे भागाकाराने शून्य येईल. इतक्या टोकाच्या संख्या हाताळायच्या असतील तर लायब्ररीच बरी.

प्रचंड पूर्णांक

पायथनसारख्या भाषेत उत्तर हजारो अंकी होऊ शकते आणि तेव्हा सगळे गुणाकार सारख्या किमतीचे राहत नाहीत. शेवटचे एक-दोन गुणाकारच बहुतेक वेळ खातात. अशा वेळी पिंगलाची डावीकडून उजवीकडे जाणारी रीत सरस ठरते, कारण तिच्यात मूळ पाया लहानच राहतो आणि ‘पायाने गुणा’ ही पायरी स्वस्त पडते. पाया २ असेल तर गुणाकारच नको, १ ला डावीकडे सरकवावे; मात्र सी आणि जावामध्ये तो १ ६४ बिटांचा आहे ना हे पाहावे, कारण साधा १ हा ३२ बिटांचा असतो आणि त्याला ४० घरे सरकवून हवे ते उत्तर मिळत नाही. पायथनमध्ये २ चा २०००० वा घात क्षणात निघतो, पण तो छापायला गेल्यास अलीकडच्या आवृत्त्या त्रुटी देतात: उत्तर ६०२१ अंकी आहे आणि पूर्णांकाचे दशमान अक्षरांत रूपांतर करण्यावर ४३०० अंकांची मर्यादा घातलेली आहे. घात चुकलेला नसतो, फक्त छपाई अडलेली असते, आणि ती मर्यादा वाढवता येते.

वर्गांची ही रीत दर वेळी सर्वांत कमी गुणाकारांची असते असेही नाही. १५ व्या घातासाठी ती सहा गुणाकार घेते, पण दुसरा, तिसरा, सहावा, बारावा आणि मग बारावा गुणिले तिसरा या क्रमाने पाचांत काम होते. १५ हा असा पहिलाच घातांक आहे. घातांक कायमचा ठरलेला असेल तरच अशा साखळ्यांच्या मागे लागावे.

तपासणी

फंक्शन लिहून झाल्यावर पाया −१०पासून १० पर्यंत आणि घातांक ० पासून ७० पर्यंत घेऊन प्रत्येक जोडीचे उत्तर पायथनच्या उत्तराशी ताडून पाहावे. मावणारे प्रत्येक उत्तर जुळले पाहिजे आणि न मावणाऱ्या प्रत्येकाला ओव्हरफ्लोचा इशारा आला पाहिजे. या फेरीत पुढील जोड्या आपोआप येतात, तरी त्यांची नावे घेऊन वेगळ्या चाचण्या लिहाव्यात: ० चा ० वा घात, १० चा १८ वा, जो मावतो, आणि १९ वा, जो मावत नाही, ३ चा ३९ वा, म्हणजे ४०५२५५५१५३०१८९७६२६७, जो मावतो, आणि ४० वा, जो मावत नाही, ७ चा २२ वा, म्हणजे ३९०९८२१०४८५८२९८८०४९, आणि −२ चा ६३ वा. सी किंवा सी++ असेल तर या चाचण्या ओव्हरफ्लो पकडणारा सॅनिटायझर चालू करून घ्याव्यात, कारण तिसऱ्या पायरीतला तो जादा वर्ग उत्तर बरोबर असतानाही त्यातच उघडा पडतो.